सोन्याच्या ताटात न जेवणारा चोर

भिलाईला पोस्टिंग आलंय म्हटलं की लोक दोनच वाक्यं बोलतात. एक, "अरे वा, स्टील प्लांट!" आणि दुसरं, "मे महिन्यात सांभाळ हं." दोन्ही बरोबर आहेत. १९५५ साली रशियाशी करार झाला, १९५९ मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली, आणि तेव्हापासून देशभरच्या रेल्वेगाड्या भिलाईच्या रुळांवरून धावताहेत. विमानवाहू 'विक्रांत'च्या पोलादातही इथला वाटा आहे. मे महिन्याबद्दल फार लिहीत नाही. राजस्थानात नोकरी काढलेल्या माणसानंसुद्धा इथे दुपारी दोनला परेड लावू नये, एवढंच.

तिसरं वाक्य मात्र कुणी बोललं नव्हतं, आणि ते मला इथे आल्यावर हळूहळू कळलं. संगीत नाटकं आणि मालिका यांचं वेड असलेल्या माणसासाठी भिलाई आणि आसपासचा दुर्ग जिल्हा म्हणजे तीर्थक्षेत्र आहे. मी त्या वेड्यांपैकी एक. या ब्लॉगचे जुने वाचक, विशेषतः निवृत्त मंडळी, अधूनमधून विचारतात की पोस्टिंगवर तुम्ही वेळ कसा घालवता, काय बघता. तर आज ती यादी. पण नुसती यादी नाही, एक मतही आहे, आणि ते अनेकांना पटणार नाही याची मला कल्पना आहे.

फौजी माणूस मालिका कशी बघतो ते आधी सांगतो. तो ती सलग बघत नाही. पहिले चार भाग एका पोस्टवर, पुढचे सहा सुट्टीत, शेवटचे दोन दीड वर्षानं कुणाच्या तरी हार्ड डिस्कवरून. मध्येच जनरेटर बंद होतो, मध्येच फोन वाजतो. आमच्या एका पोस्टवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' तीन हिवाळे पुरली. बर्फात अडकलेले पाच-सहा जण, त्यात मराठी आम्ही दोघंच, पण दिलीप प्रभावळकरांचे आबा पडद्यावर आले की गढवाली हवालदारसुद्धा चहा खाली ठेवायचा. घरात पाच माणसं आहेत, संध्याकाळी सगळी परत येतात आणि त्यांच्यात काहीतरी छोटंसं बिनसतं, एवढ्यावर ती मालिका चालते. संध्याकाळी घरी परत येणं ही किती मोठी गोष्ट आहे हे बर्फातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

असं तुकड्या-तुकड्यांनी बघत राहिलं की एक कसोटी आपोआप तयार होते. जे वीस मिनिटांच्या तुकड्यातही धरून ठेवतं ते खरं. आणि संगीताच्या बाबतीत माझी कसोटी अशी: गाणं काढून टाकलं तर गोष्ट अडली पाहिजे. अडत नसेल, तर ते गाणं म्हणजे परेडवरचा बँड. ऐकायला झकास, अंगावर काटा येतो, पण लढाई त्याच्यावाचून होते.

या कसोटीवर आपलं मराठी संगीत नाटक लावलं की माझी पंचाईत होते. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगभूमीवर आलं, आणि म्युझिकल म्हणून जगात जे मिरवलं जातं त्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे गाणारी नाटकं गावोगाव फिरत होती. अभिमान आहेच. पण पुढे वन्समोअरचा रोग लागला. राजा विरहात आहे, प्रेक्षक म्हणतात पुन्हा, राजा पुन्हा विरहात. बालगंधर्वांच्या आठवणी सांगताना आमचे आजोबा कुठलं पद किती वेळा झालं ते सांगायचे. नाटकाचं पुढे काय झालं ते त्यांना आठवायचं नाही. गाणं जिंकलं, गोष्ट हरली. हे मी पुण्यात मोठ्यानं बोलत नाही.

अपवाद आहेत, आणि ते लखलखीत आहेत. नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तरांचं 'कट्यार काळजात घुसली' घ्या. १९६७ चं नाटक, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, खाँसाहेब वसंतराव देशपांडे. तिथे गाणं हीच मालमत्ता आहे, गाणं हेच शस्त्र आणि गाणं हीच चोरी. सदाशिव गळा चोरून शिकतो. गाणं काढलं तर नाटकात उरतं काय? किंवा 'घाशीराम कोतवाल', १९७२. माणसांचीच भिंत करून उभे राहिलेले, डोलत गाणारे ते ब्राह्मण. त्या भिंतीमागे काय चाललंय ते भजन झाकतं, आणि झाकताना उघडं करतं. पुलंचा 'तीन पैशाचा तमाशा' त्याच पंगतीतला. ब्रेख्तच्या 'थ्री पेनी ऑपेरा'वरून १९७८ मध्ये केलेला, चोर-भिकाऱ्यांचा, आणि सभ्य माणसाला खुर्चीत चुळबुळ करायला लावणारा.

ब्रेख्त म्हटला की रायपूरचे हबीब तन्वीर आले, आणि आपण भिलाईला पोचलो.

तन्वीर १९२३ चे, रायपूरचे. बी.ए. त्यांनी नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून केलं. पुढे लंडनला नाट्यशिक्षण घ्यायला गेले आणि तिथून युरोपभर भटकत बर्लिनला पोचले ते १९५६ साली. तोवर ब्रेख्त नुकताच वारला होता. नाटकं मात्र चालू होती, ती तन्वीरांनी महिनोन्‌महिने बघितली. आणि एवढं सगळं शिकून हा माणूस परत आला तो छत्तीसगढच्या नाचा कलावंतांकडे. नाचा म्हणजे इथला तमाशाच समजा: रात्रभर चालणारा, पुरुषच बायका होतात, विनोद सणसणीत, पेटी-तबला जोरात. या कलावंतांना घेऊन त्यांनी दिल्लीत नाटकं केली, पण सुरुवातीला ती जमेनात. गावच्या मंचावर वाघासारखे वावरणारे नट दिल्लीत लाकडासारखे उभे राहत. कारण सापडायला बरीच वर्षं गेली. तन्वीर त्यांना हिंदी बोलायला लावत होते आणि कुठे उभं राहायचं, कुठे वळायचं ते आखून देत होते. त्यांनी नटांना स्वतःच्या छत्तीसगढीत बोलू दिलं, हवं तसं फिरू दिलं, आणि नाटक जिवंत झालं.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या पलटणीतले कितीतरी जवान आठवले. हुकमाच्या हिंदीत 'जी साब'पलीकडे शब्द न फुटणारा माणूस रात्री आगटीपाशी गाववाल्याशी बोलायला लागला की तासभर थांबत नाही. आम्ही त्याला अबोल म्हणून लिहून टाकतो.

'चरणदास चोर' हे तन्वीरांचं सगळ्यात गाजलेलं नाटक. विजयदान देथांनी लिहिलेल्या राजस्थानी लोककथेवरून ते उभं राहिलं, आणि त्याचा पहिला, अर्धाकच्चा प्रयोग कुठे झाला असेल? दिल्लीत नव्हे. भिलाईत, उघड्या मैदानावर, सतनामी समाजाच्या मेळाव्यात, सत्तरच्या दशकाच्या मध्यात. तेव्हा त्याचं नाव 'चोर चोर' होतं आणि लांबी तासाभराहूनही कमी. सतनामी म्हणजे गुरू घासीदासांचे अनुयायी, सत्य हाच ईश्वर मानणारे. त्यांच्या पंथी गाण्यांचा रंग या नाटकाला चढला तो असा. १९७५ मध्ये श्याम बेनेगलांनी त्यावर मुलांसाठी सिनेमा केला. त्यात राणी आहे स्मिता पाटील. १९८२ मध्ये एडिंबरोच्या महोत्सवात नाटकाला 'फ्रिंज फर्स्ट' पुरस्कार मिळाला. तन्वीर २००९ मध्ये गेले, आणि त्याच वर्षी नाटकाच्या पुस्तकावर राज्यात बंदीही आली, ज्या समाजाच्या मेळाव्यात ते जन्मलं त्यातल्याच काहींनी आक्षेप घेतला म्हणून. गणवेशातल्या माणसानं त्या वादात पडू नये, मी पडत नाही. नाटकाबद्दल बोलतो.

गोष्ट थोडक्यात. चरणदास चोर शिपायाला चुकवत एका साधूच्या मठात शिरतो. गुरू म्हणतो, चोरी सोड. चरणदास म्हणतो, तेवढं सोडून काहीही मागा. मग गंमत म्हणून तो स्वतःच चार शपथा घेतो: सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवरून मिरवणूक काढून घेणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, कुणी राज्य दिलं तरी राजा होणार नाही. चोराला कोण कशाला राज्य देतंय! गुरू हसतो आणि पाचवी शपथ घालतो, खोटं बोलायचं नाही.

पुढे तो राजखजिन्यात चोरी करतो. फक्त पाच मोहरा घेतो. तपासाला आलेला खजिनदार आणखी पाच स्वतः उचलतो आणि दहा गेल्या म्हणून सांगतो. राणी चोराला बोलावते, चोर खरं सांगतो, खजिनदार पकडला जातो. राणी खूश. हत्ती पाठवते, तो नाही म्हणतो. सोन्याच्या ताटात जेवण मांडते, नाही म्हणतो. लग्नाचं विचारते, आणि लग्न म्हणजे राज्यही आलंच. नाही म्हणतो. थट्टेत घेतलेल्या चारही शपथा एकेक करून खऱ्या होऊन समोर उभ्या राहतात. शेवटी राणी एकच मागते: मी तुला मागणी घातली हे बाहेर कुणाला सांगू नकोस. आणि चरणदासला तेही कबूल करता येत नाही, कारण उद्या कुणी विचारलं तर खोटं बोलावं लागेल. राणी त्याला मारून टाकते.

आता माझं मत. फौजेवर आपल्याकडे पुष्कळ सिनेमे आणि मालिका झाल्या, पण फौजी माणसाची खरी परीक्षा मला ज्या नाटकात दिसली त्यात एकही सैनिक नायक नाही. त्याचा नायक चोर आहे.

लहानपणी आमच्या पिढीनं दूरदर्शनवर चेतन आनंदांची 'परमवीर चक्र' बघितली. फारूख शेख मेजर सोमनाथ शर्मा झाले होते, नसीरुद्दीन शाह अब्दुल हमीद. १९८९ मध्ये कर्नल राज कपूरांची 'फौजी' आली. शाहरुख खान त्यातून पुढे आला म्हणून ती आज लोकांच्या लक्षात आहे. माझ्या लक्षात ती वेगळ्या कारणानं आहे. दिग्दर्शक स्वतः फौजी असल्यामुळे त्यात ट्रेनिंगचा कंटाळा होता, खोड्या होत्या, मेसमधलं बोलणं खरं वाटत होतं. खडकवासल्याला गेलेल्या आमच्यातल्या निदान अर्ध्यांनी तो हॉस्टेलचा दंगा बघून फॉर्म भरला होता, हे कुणी इंटरव्ह्यूमध्ये कबूल केलं नसेल, एवढंच. अलीकडच्या फौजी मालिकांत मात्र तो कंटाळा गायब झालाय. नायक ओरडत येतो, शत्रू नेहमी सीमेपलीकडे असतो, पार्श्वसंगीत थांबत नाही. माझ्या कसोटीवर ही सगळी परेडच्या बँडची लढाई.

पंचवीसेक वर्षांच्या नोकरीत शत्रूच्या गोळीची वेळ माणसावर किती वेळा येते? काहींवर येते, आणि जे त्यातून गेले किंवा परत आले नाहीत त्यांच्यापुढे मान खालीच आहे. पण राणीची वेळ प्रत्येकावर येते, आणि दर महिन्याला येते. "अरे, एवढं रिपोर्टात कशाला लिहायचं?" "सब ठीक लिहून टाक, पुढच्या इन्स्पेक्शनच्या आत करून घेऊ." मागणारा दुष्ट नसतो. बहुतेक वेळा तो आपल्यावर खूश असतो, त्याला फक्त स्वतःची अब्रू सांभाळायची असते. राणीही दुष्ट नाहीच. हत्ती, सोन्याचं ताट, लग्न, हे सगळं तिनं मनापासून देऊ केलं होतं. सन्मान नाकारणं त्यामानानं सोपं आहे. गप्प राहण्याची साधी विनंती नाकारणं, तीही आपल्यावर मेहेरबान असलेल्या माणसाची, हे अवघड.

मी इथे एनसीसी बटालियनवर आहे. गेल्या कॅम्पमध्ये कॅडेट्सना 'नेतृत्वगुण' या विषयावर तास घ्यायचा होता. स्लाइड्स तयार होत्या. पण दुपारची वेळ, लाइट गेलेली, मुलं पेंगायला लागलेली. हबीबुल्ला हॉलमध्ये मागच्या रांगेत मीही अशा कितीतरी व्याख्यानांना शिस्तीत झोपलो आहे, त्यामुळे ते पेंगणं मला ओळखता येतं. स्लाइड्स सोडल्या आणि चरणदासची गोष्ट सांगितली. झोप उडाली. शहरातल्या शाळेतल्या एका मुलीनं हात वर केला, "सर, राणीला 'ठीक है' म्हणून सुटला असता ना. कोणी विचारलंच नसतं तर?" प्रश्न चोख होता. मी उत्तराची जुळवाजुळव करत असतानाच मागून खेड्यातला एक काटकुळा पोरगा उठून म्हणाला, "चोर हे सर, फेर लबरा नोहे."

लबरा म्हणजे खोटारडा. आपल्या 'लबाड'चा सख्खा भाऊ. आणि 'नोहे' तर ज्ञानेश्वरीतलं. चोर आहे, पण लबाड नोहे. त्या मुलीचं समाधान झालं नाही, ती तासानंतरही वाद घालत होती, आणि मला ते आवडलं. नेतृत्वगुणांच्या स्लाइड्सवर आजवर कुणी वाद घातलेला नाही.

आता मालिका. माझ्या मते भारतातली सगळ्यात चांगली मालिका टीव्हीच्या आधीची आहे. ती या जिल्ह्यात गावागावांत अजून होते आणि तिचं नाव पंडवानी. महाभारताचा एकेक प्रसंग एकेका रात्री. एक मुख्य गायक, हातात तंबोरा, बाजूला साथीदार आणि त्यातला एक 'रागी'. रागी दर ओळीला हुंकार देतो, मध्येच विचारतो, "मग काय झालं?", शंका काढतो, प्रेक्षकाच्या मनातलं बोलतो. 'मागील भागात तुम्ही पाहिलंत' हे काम तो इतक्या सहज करतो की कळतही नाही.

पंडवानी बसूनही गातात आणि उभं राहूनही. उभ्यानं गायची ती कापालिक शैली, आणि ती पुरुषांची मानली जायची. ती मोडली तीजनबाईंनी. भिलाईपासून जेमतेम पंधरा किलोमीटरवरचं गनियारी हे त्यांचं गाव. पारधी समाजातली मुलगी, आजोबांकडून महाभारत ऐकून पाठ केलेलं. तेराव्या वर्षी चंदखुरी गावात पहिला कार्यक्रम केला, बिदागी दहा रुपये. बाईमाणूस उभं राहून गातं म्हणून समाजानं वाळीत टाकलं, तर झोपडी बांधून एकट्या राहिल्या, पण गाणं सोडलं नाही. पुढे हबीब तन्वीरांनी त्यांना ऐकलं, आणि बेनेगलांनी १९८८ च्या 'भारत एक खोज'मध्ये महाभारताच्या भागांत घेतलं. २००३ मध्ये पद्मभूषण, २०१९ मध्ये पद्मविभूषण.

त्याच सुमारास बी. आर. चोप्रांची 'महाभारत' चालू होती. रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे, आम्हीही आंघोळ करून बसायचो. ९४ भाग, शेकडो माणसं, रथ, मुकुट, डोळ्यांतून निघणारे किरण. आणि इकडे एक बाई, एक तंबोरा. तो तंबोरा खांद्यावर गेला की भीमाची गदा, आडवा धरला की अर्जुनाचं धनुष्य, आणि तोच दुःशासनाच्या मुठीतले द्रौपदीचे केस. मी पैज लावायला तयार आहे: दोन्ही एकापाठोपाठ बघा आणि दुसऱ्या दिवशी दुःशासनवधाचा कुठला प्रसंग डोळ्यांसमोर राहतो ते सांगा. इथेही कसोटी तीच. चोप्रांच्या मालिकेतलं संगीत काढलं तर मालिका चालेल. तीजनबाईंचं गाणं काढलं तर युद्धच उरत नाही.

एक गोष्ट माझ्या निवृत्त वाचकांनी मुद्दाम ऐकावी. तीजनबाईंना भिलाई स्टील प्लांटनं नोकरी दिली होती. लोखंड वितळवणाऱ्या कारखान्याच्या पगारपत्रकावर महाभारत गाणारी बाई! आमच्याकडे बँड पलटणीचा असतो, खेळाडू पलटणीचे असतात, आणि त्यांच्यावर होणारा खर्च कुणी वायफळ म्हणत नाही. कलावंत महिन्याच्या महिन्याला पगार घेतो तेव्हा तो बिदागीसाठी कुणाची स्तुती गात नाही. आपल्या नाटक मंडळ्यांना हे सुख लाभलं नाही. बालगंधर्वांसारख्या माणसाला कर्जापायी १९३५ मध्ये सिनेमात उतरावं लागलं. आता सरकारी कारखान्यांत भरती आटत चालली आहे, आणि काटछाटीत पहिला नंबर नेहमी ढोल-तंबोऱ्याचा लागतो. माझं म्हणणं, तो शेवटी लागावा.

दुर्गजवळच्याच बघेरा गावचे दाऊ रामचंद्र देशमुख यांचं 'चंदैनी गोंदा' यादीत हवंच. १९७१ मध्ये त्यांनी गावात उभं केलेलं, शेतकऱ्याच्या आयुष्याची गोष्ट गाण्यांतून सांगणारं नाटक. नाव झेंडूच्या एका जातीवरून. त्याची गाणी इथे लग्नाच्या मांडवापासून ट्रकच्या टेपपर्यंत अजून वाजतात, पण पूर्ण नाटक बघायला मिळालेले लोक आता म्हातारे झालेत. त्यांच्याकडून ऐकावं लागतं.

आणि शेवटी भिलाईचाच अनुराग बासू. नाटकवाल्या घरातला, याच टाउनशिपमध्ये वाढलेला मुलगा. 'बर्फी' सगळ्यांना आवडला. मला त्याचा पडलेला सिनेमा जास्त आवडतो, २०१७ चा 'जग्गा जासूस'. लांबला, विस्कटला, पैसे बुडाले, सगळं मान्य. पण गाण्याला त्यानं जे काम दिलं ते हिंदी सिनेमात फार कमी लोकांनी दिलंय. जग्गा तोतरा आहे. बोलताना अडतो, पण गाताना अडत नाही, म्हणून त्याला जे सांगायचं ते तो गाऊनच सांगतो. तोतरेपण असलेली माणसं गाताना बहुतेक अडखळत नाहीत हे खरंच आहे. म्हणजे गाणं काढलं तर नायक मुका.

हा सिनेमा मी माझ्या त्या वेळच्या कंपनीत पडद्यावर लावला होता. आमच्याकडे सांगलीकडचा एक जवान होता. नंबर, रँक, नाव सांगताना पहिल्याच आकड्याला अडायचा, कान लाल व्हायचे, आणि बडाखान्याला हाच गडी अख्खा पोवाडा एका दमात म्हणायचा. सिनेमा संपला, दिवे लागले. सगळे त्याच्याकडे बघायला लागले, तोही हसायला लागला. सुभेदारसाहेब माझ्या शेजारी बसले होते. ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "साहेब, उद्यापासून ह्याची रोल कॉल चालीवर घेऊ या का?"

घेतली. आठवडाभर. सगळ्या प्लाटूनची.